पायलीच्या हिशोबातलं घर

पिंपळे सौदागर म्हटलं की आज उंच इमारती आणि हिंजवडीकडे निघालेल्या गाड्यांची रांग आठवते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ते पवनेकाठचं शंभरेक उंबऱ्यांचं खेडं होतं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सहकाऱ्यांना घेऊन तिथे गेले आणि त्यांनी गावातलं घर न् घर, बांध न् बांध तपासला. कुणाकडे किती जमीन, किती बैल, किती कर्ज, काय पिकतं आणि काय खातात, हे सगळं त्यांनी लिहून काढलं. ती पाहणी 1917 साली पुस्तकरूपाने आली. त्याच्या दोन वर्षं आधी, 1915 मध्ये, त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ प्रसिद्ध झाला होता. मान इंग्रज रसायनशास्त्रज्ञ, आत्रे महसूल खात्यात खेडी पालथी घातलेले मराठी गृहस्थ. दोघांच्या लिखाणाचा बाज वेगळा, रागलोभही वेगळे. पण दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचली की दख्खनच्या शेतकरी घराचं एक मर्म कळतं. ते घर धान्यावर चालत असे आणि पैशापाशी येऊन अडत असे.

तेव्हा एखाद्याची ऐपत ‘किती खंडी पिकतं’ यावर ठरायची. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. पुढे बारा पायल्यांचा मण, काही भागांत सोळांचा, आणि वीस मणांची खंडी. ही मापं वजनाची नव्हेत, भरून मोजायची. पायली तरी सगळीकडे सारखी कुठे? एका बाजाराची पायली शेजारच्या बाजारात चालायची नाही, आणि त्या फरकात कुणाचा फायदा होत होता ते सांगायला नको. पण घरातल्या बाईला लिहिता-वाचता येत नसलं तरी हे कोष्टक तिच्या हातात भिनलेलं असे. कणगीत किती उरलंय आणि ते कुठल्या सणापर्यंत पुरेल, हे ती कणगीला बाहेरून थाप मारून सांगायची.

तिचा दिवस सुरू व्हायचा जात्यावर. घरात लहानथोर धरून सात माणसं असली, तर दिवसाला सुमारे पायलीभर ज्वारी किंवा बाजरी लागणार. भाकरीचं पीठ फार दिवस राहत नाही. बाजरीचं तर लवकर कडवट होतं आणि शिळ्या पिठाची भाकरी थापताना तुटते. म्हणून दळण रोजचं. पहाटे कोंबडा आरवायच्या आत सासू-सून किंवा जावा-जावा समोरासमोर बसायच्या. दोघींचे हात एकाच खुंट्यावर. एक हात फिरवता फिरवता मोकळ्या हाताने तोंडात मूठमूठ दाणे सोडायचे. घास मोठा पडला तर पीठ भरड येतं, लहान पडला तर दगडावर दगड घासून कच पडते. खुंटा सैल झाला की ठोकायचा, पाळी गुळगुळीत झाली की टाकी लावून घ्यायची. ती टाकी लावणारी पाथरवटीण पाटे-वरवंटे घेऊन वर्षा-दोन वर्षांनी दारावरून जायची. पायलीभर दळायला दोघींना दीड-दोन तास सहज लागत. एकटीने दळायचं तर दळण संपेपर्यंत उजाडलेलंच.

जात्यावरच्या ओव्या इथल्याच. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी पुढे गावोगाव फिरून त्या गोळा केल्या, तेव्हा आकडा लाखाच्या पुढे गेला. त्यांत भाऊ आहे, माहेर आहे, पंढरी आहे, आणि सासुरवासही पोटभर आहे. दिवसभरात बाईला कुणी न टोकता बोलता येईल अशी ती एवढीच वेळ होती, असं मला त्या वाचताना वाटतं. घरातले पुरुष तेव्हा झोपलेले असत.

पुढे शेणघाण, गोठा लोटणं, नदी किंवा विहिरीवरून पाणी, मग चूल. चुलीत विस्तव राखेखाली झाकून ठेवलेला असे. तो विझला तर शेजारी गोवरीचा तुकडा घेऊन विस्तव मागायला जायचं. काड्यापेटी मिळत होती, स्वीडन-जपानची असायची, पण ती विकत घ्यायची वस्तू होती. म्हणून पुरुषाच्या चंचीत तंबाखूबरोबर चकमक आणि कापूस. जळणाला गोवऱ्या. शेणाचं खत शेतात जायचं ते चुलीत जातं, अशी शेतकी खात्यातल्या साहेबांची कायमची तक्रार. ती रास्तही होती. पण माळावर झाड नाही, जंगल सरकारी झालेलं, लाकूडफाटा आणायचा कुठून, हे त्या घराला कुणी विचारत नव्हतं.

जेवण भाकरीचं. तोंडी लावायला पिठलं, कोरड्यास, ठेचा, कांदा, मोसमात पातरं किंवा तांदुळजा, जनावर दुभतं असलं तर ताक. दिवस टंचाईचे असले की कण्या किंवा हुलग्याचं माडगं. तांदूळ देशावर पाहुण्यांसाठी आणि लग्नाकार्यासाठी. गहू होळीला आणि पोळ्याला, पुरणाच्या निमित्ताने. दुपारी शेतात भाकरी पोचवायची, ती फडक्यात बांधून, वर कांदा आणि चटणीची पुडी. बाई जेवायची सगळ्यांच्या मागून, म्हणजे उरेल ते. खेड्यातलं जुनं अन्न कसं सकस होतं, असं कौतुक आजकाल फार ऐकू येतं. ज्वारी-बाजरी चांगलीच, यात वाद नाही. पण पोटभर मिळाली तर. ज्येष्ठ-आषाढात, जुनं धान्य संपलेलं आणि नवं जमिनीत पेरलेलं असताना, काय शिजत होतं ते त्या कौतुकात येत नाही.

घर धाब्याचं. दगडमातीच्या भिंती, लाकडाच्या सऱ्यांवर पांढरीच्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गार, पावसाळ्यात गळकं. पावसाच्या आधी वर चढून माती चोपायची ती गळू नये म्हणून. आत उजेड दारातून येईल तेवढा. एका अंगाला बैल, एका अंगाला माणसं. याला अडाणीपणा म्हणणाऱ्याने बैलाची किंमत लक्षात घ्यावी. रात्री बैल चोरीला गेला तर पुढच्या हंगामाची शेतीच गेली.

बैल किती आहेत यावर शेती कशी होणार हे ठरत असे. काळ्या रानात लाकडी नांगर चालवायचा तर एक जोडी पुरत नाही. दोन-तीन, कधी चार जोड्या लागतात. एवढे बैल सात एकरवाल्याच्या दावणीला कुठले? म्हणून वारंगुळा. तुझी जोडी माझ्याकडे, माझी तुझ्याकडे. माणसांच्या कामाचा असाच फेरा म्हणजे सावड. आणि सगळ्या गावाने आपापली आऊतं घेऊन एकाचं रान एका दिवसात उरकायचं, त्याने रात्री सगळ्यांना जेवण घालायचं, ही इर्जिक. शहरातल्या लेखकांनी यावर सहकाराचे गोडवे पुष्कळ गायले आहेत. मला त्यात गरजेचा रोखठोक हिशोब जास्त दिसतो. सावडीला जो आला नाही त्याच्या रानात पुढच्या वेळी कुणी जात नसे.

याच काळात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, 1903 च्या सुमारास. लोखंडाने जमीन नासते, असं शेतकरी म्हणत आणि पहिले काही नांगर खपायला दोन वर्षं गेली. हा किस्सा नेहमी शेतकऱ्याच्या अडाणीपणाचा म्हणून सांगतात. पण लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यात दुरुस्त करून द्यायचा. लोखंडी नांगराला रोख रुपये मोजायचे, आणि तो मोडला तर काय करायचं हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. जमीन नासेल ही भीती खरी असेलही. पण रोख पैसा कुठून आणायचा, ही भीती त्याहून जुनी होती. खोल मुरलेली हरळी आणि कुंदा या नांगराने निघतो हे डोळ्यांनी दिसलं, तेव्हा तेच लोक नांगर घेऊ लागले. 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली ती याच गिऱ्हाइकांवर.

विहीर असेल त्याची शेती बागायती, आणि तिचा प्राण म्हणजे मोट. शंभर-दीडशे लिटर पाणी मावेल एवढी चामड्याची मोट, खाली तिची सोंड. एक जाड नाडा चाकावरून, दुसरा बारीक सोल कण्यावरून, दोन्ही बैलांच्या जुवाला. बैल धावेवरून उताराने खाली जातात तशी मोट वर येते. काठाशी आली की सोलाने सोंड थारोळ्यात ओढली जाते आणि पाणी पाटात पडतं. मग बैलांना पाठमोरं चढवत मागे न्यायचं. हे मागे चालणं बैलाला शिकवावं लागतं आणि त्याला ते मुळीच आवडत नाही, म्हणून मोटकरी गात असे. खाली वाफ्यात दुसरा माणूस दारं धरायला. दोन माणसं आणि एक जोडी दिवसभर राबली तर अर्धा एकरही धड भिजत नसे. आज बटण दाबून पंप सुरू करणाऱ्या शेतकऱ्याच्या आज्याने ऊस का लावला नाही, याचं उत्तर त्या धावेवर आहे.

सुगीत मात्र घराचा सगळा जमाखर्च उघड्यावर यायचा. खळं सारवलेलं, मध्ये तिवडा, त्याभोवती बैलांची पात फिरतेय. कणसं तुडवून झाली की वाऱ्याची वाट पाहायची. वारा सुटला की एकाने वावडीवर उभं राहून पाटी हलवत दाणे सोडायचे. भूस उडून लांब, दाणा पायाशी. रास झाली की तिची पूजा, आणि मग मोजणी. पहिली पायली ‘एक’ म्हणून मोजत नसत, ‘लाभ’ म्हणत. पण त्या लाभाकडे नजर लावून खळ्याभोवती कोण कोण उभं असे! सुतार, लोहार, चांभार, महार, मांग, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, कोळी, मुलाणी, भट. वर्षभर केलेल्या कामाचं बलुतं ते खळ्यावरून नेत. नांगर भरणं, फाळ शेवटणं, मोट शिवणं, हजामत, मडकी, कशालाही रोख द्यावं लागत नसे. शिवाय गोंधळी, वासुदेव, जोशी, गोसावी, असे मागते वेगळेच. आत्र्यांचा राग या लांबलचक रांगेवर आहे. कुणब्याचं खळं घरी जाण्याआधीच अर्धं होतं, असा त्यांचा एकूण सूर.

हा राग समजू शकतो, पण तो सगळा पटत नाही. सुताराला बलुतं देऊन शेतकरी बुडाला नाही. सुतार नसता तर त्याला तेच काम रोख पैशाने करून घ्यावं लागलं असतं. आणि बलुत्याची दुसरी बाजू आत्र्यांच्या पुस्तकातून पुरती कळत नाही. महाराच्या वाट्याला आलेली कामं संपायची नाहीत. सरकारी टपाल, वसुलीचा हाकारा, मेलेलं जनावर ओढणं, मयताची खबर परगावी पोचवणं, रात्री-अपरात्री पाटलाचं बोलावणं. बदल्यात थोडी वतनी जमीन, बलुतं आणि दारोदार फिरून मागायची भाकर. ही गुलामी आहे आणि वतनाच्या नावाने ती गोड करून सांगितली जाते, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडलं आणि 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या सुधारणेचं बिल आणलं. खळ्यावरची ती रास सगळ्यांची होती असं म्हणताना हे आठवलेलं बरं.

आता पैसा. घराला रोख रुपया कशाला लागे? मीठ, लुगडं-धोतर, थोडं रॉकेल, लग्न, बैल, आणि सरकारचा सारा. यातलं बरंचसं पुढे ढकलता येई. घोंगडं सणगराकडून धान्यावर मिळे आणि तेच पांघरूण, तेच पावसातली खोळ. दिव्याला रॉकेल नसेल तर करडईचं तेल, तेही नसेल तर अंधार पडायच्या आत जेवण. बाईचा स्वतःचा असा थोडा पैसा असायचा, अंडी, कोंबडी किंवा तूप आठवड्याच्या बाजारात विकून आलेला, आणि घरची मीठमिरची बऱ्याचदा त्यातूनच निघायची. साऱ्याला मात्र थांब म्हणता येत नसे. तो हप्त्याने, ठरल्या तारखेला आणि रोख. पीक आलं की सगळेच विकायला निघणार, भाव पडणार; तरी विकायचं, कारण हप्ता. आणि जे विकलं तेच आषाढात सवाईने किंवा दिढीने परत आणायचं. पायली नेली तर सुगीला सव्वा किंवा दीड पायली द्यायची, म्हणजे पाच-सहा महिन्यांत शेकडा पंचवीस ते पन्नास व्याज. आपणच विकलेलं धान्य असं दीडपटीने घरी यायचं.

सावकारावर 1875 मध्ये सुपे आणि शिरूर भागात दंगे झाले, दस्तऐवज जाळले गेले, चौकशी बसली आणि 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला. कोर्ट आता गहाणाच्या व्यवहाराच्या मुळाशी जाऊन हिशोब पाहणार होतं. सावकाराने त्यावर सोपा तोडगा काढला: गहाणखत नकोच, मुदतखरेदी करून दे, पैसे फेडलेस की जमीन परत. तोंडी वचन एक आणि कागदावर विक्री. कायदा शेतकऱ्याच्या बाजूचा, आणि जमीन गेली ती आणखी लवकर. पुढे 1904 च्या कायद्याने पतपेढ्या सुरू झाल्या, पण ज्याच्याकडे तारण आहे त्यालाच त्यांचा उपयोग होता.

जमीन तरी किती उरली होती? मान यांनी पिंपळे सौदागरचे जुने कागद काढून हिशोब मांडला. 1771 मध्ये तिथल्या खातेदाराकडे सरासरी 40 एकर होते, 1818 मध्ये साडेसतरा, आणि 1914-15 मध्ये 7. हे सात एकरही एका जागी नव्हते. 156 खातेदारांची जमीन सातशेहून अधिक तुकड्यांत वाटलेली, आणि त्यांतले 463 तुकडे एका एकराहून लहान. भाऊ वाटणीला बसले की प्रत्येकाला काळ्यातला तुकडा हवा, मळीतला हवा, माळाचाही हवा. त्यामागे शहाणपण होतं, एक पीक गेलं तर दुसरं तारावं. पण त्यामुळे आऊत खांद्यावर घेऊन या टोकाच्या तुकड्यापासून त्या टोकाच्या तुकड्यापर्यंत चालण्यात दिवस जायचा, आणि बांधावरून भांडणं व्हायची ती वेगळीच.

मान यांनी 103 कुटुंबांची प्राप्ती आणि किमान गरज ताडून पाहिली. नुसत्या शेतीवर नीट भागत होतं अशी घरं निघाली 8. बाहेरच्या कमाईची जोड मिळाल्यावर भागणारी आणखी 28. उरलेली 67 घरं कसंही केलं तरी तुटीत. आणि हे गाव पुण्याला लागून, नदीकाठचं. खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात तिथल्या माणसांना रोजंदारी मिळत होती. शिरूरकडच्या जातेगाव या कोरडवाहू गावाची पाहणी मान यांनी नंतर केली, तिथली परिस्थिती आणखी वाईट निघाली. ‘स्वयंपूर्ण खेडं’ हा शब्द वापरणाऱ्यांनी ही दोन पुस्तकं एकदा चाळायला हरकत नाही.

तूट भरायला घरातला एक माणूस बाहेर पडे. साताऱ्याकडचे, जुन्नर-आंबेगावचे, कोकणातले मुंबईला गिरणीत नाहीतर गोदीत. मनीऑर्डर यायची आणि पत्र यायचं, ते वाचायला मास्तर किंवा पोस्टमन. एरवी रोख दिसत नसलेल्या घरात पाच-दहा रुपये हातात पडले की आधी सारा, मग सावकाराचं व्याज, मग उरलंच तर पोराला सदरा. शेत मागे राहिलेल्या बाईकडे. पेरणीच्या वेळी तो आला नाही तर चाड्यावर मूठ ती धरायची. पाभर धरायला मात्र दीर किंवा शेजारी लागे, कारण बाईने आऊत धरणं अशुभ. दहा महिने सगळी शेती तिने करायची ते कुणाला अशुभ वाटत नसे.

याच वाटेने आजारही आला. 1896 पासून प्लेग वर्षानुवर्षं फिरत होता. उंदीर पडू लागले की गाव उठून रानात झोपड्या घालून राही, आणि ही गोष्ट इतकी नेमाची झाली होती की झोपडीचं सामान लोक वेगळं जपून ठेवत. 1918 मात्र वेगळं निघालं. पावसाने दगा दिला, लढाईमुळे धान्य आणि कापड महागलेलं, आणि मुंबईतून इन्फ्लुएंझा घाटावर चढला. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, ऐन कापणी-पेरणीच्या दिवसांत, घरंच्या घरं अंथरुणाला खिळली. मुंबई इलाख्यात दहा लाखांवर माणसं गेली, त्यांत तरण्याताठ्यांचा आणि बायकांचा भरणा फार. रब्बीची पेरणी अनेक ठिकाणी झालीच नाही, कारण पाभर धरायला कुणी उठलं नव्हतं.

त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत बाजाराच्या गावांत तेलावरच्या इंजिनाची पिठाची गिरणी दिसू लागली. आडगावांना तिची वाट आणखी बरीच वर्षं पाहावी लागली. गिरणीच्या पिठाला जात्याची चव नाही, ते गरम होऊन जळतं, असं म्हणत म्हातारे पुरुष भाकरी मोडायचे. दळणाला आता पैसा लागणार होता, तो कुठून आणायचा हा घरात नवा वाद. सुनांनी अंड्यांचे पैसे बाजूला टाकायला सुरुवात केली आणि पायलीभर ज्वारी डोक्यावर घेऊन दोन-तीन कोस चालत गिरणी गाठली. परतीच्या वाटेवर पीठ अजून कोमट असायचं.